रानकोपऱ्याची साफसफाई

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या अर्धाच वाकलो आहे. उरलेला अर्धा बरा झाल्यावर समक्ष येऊन करीन.) भावोजींनाही सांग. त्यांचा खोकला, तुझे गुडघे आणि तुमचं ते भांडखोर मांजर, सगळ्यांचं ठीक चाललं असेल असं धरून चालतो, कारण नसतं तर एव्हाना तू फोन करून मलाच रागावली असतीस. आमच्याकडेही सगळं ठीक आहे. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

फोन सोडून पत्र कशाला, हा तुझा पहिला प्रश्न असणार. मी फोनवर बोलायला लागलो की समोरच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घेतात, हे तूच सगळ्यांना सांगत असतेस. आणि मला जे सांगायचं आहे ते तुझ्या भावजयीच्या कानावर जायला नको आहे. ती सध्या माझ्याशी बोलत नाही, पण ऐकते सगळं. बोलत नाही म्हणजे अगदी मूग गिळून बसली आहे असंही नाही. ती ओट्याशी बोलते, भिंतीशी बोलते. "ज्यांना चहा हवा असेल त्यांचा गार होतोय," असं सकाळी डब्यांना सांगते, आणि ज्यांना हवा असतो ते मुकाट्याने आत जाऊन कप उचलतात. हे असं का झालं ते सांगतो. मध्येच हसू नकोस. भावोजींना वाचून दाखवणार असशील तर निदान इस्पितळाचा भाग गाळ.

तुला माहीतच आहे, उभा जन्म मी इस्पितळाच्या स्वच्छता विभागात काढला. खाटेखाली बोट फिरवायचं आणि मग त्या बोटाकडे बघायचं, एवढीच माझी विद्या, पण त्या बोटाला अख्खं इस्पितळ वचकून असे. (एकदा एक मोठे डॉक्टर मला समोरून येताना पाहून स्वतःचे बूट हातात घेऊन ओल्या फरशीवरून मोज्यांनी गेले होते. मी काही म्हणालो नाही. मोजे स्वच्छ होते.) निवृत्तीनंतर ते बोट रिकामं झालं. हे बोट माझ्या स्वयंपाकघरात फिरलं तर त्याच्या मालकाने आपलं जेवण आपण करून घ्यावं, असं तुझ्या भावजयीने पहिल्याच आठवड्यात बजावलं. म्हणून माझ्या वाट्याला फक्त गॅलरी आली. तिथल्या कुंड्यांतल्या झाडांची पानं मी दर रविवारी ओल्या फडक्याने पुसतो. ती इतकी चकाकतात, की येणारे जाणारे झाड खरं आहे की प्लास्टिकचं म्हणून चिमटा काढून बघतात. माझा मॉपही तिथेच वाळत असतो. (हल्ली त्याचे धागे कोणीतरी उपसून नेतंय. खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याचा संशय आहे, पण तो वर कसा येतो हे अजून कळलेलं नाही.)

आता मूळ गोष्ट. आमच्या इमारतींच्या मधली बाग तू पाहिली आहेस. पाण्याच्या टाकीमागे तिचा एक कोपरा आहे. तिथे नगरपालिकेने योजना आणली, की शहरातल्या प्रत्येक बागेने थोडी जागा निसर्गाला परत द्यावी. त्या योजनेच्या एक बाई समजावायला आल्या. त्यांच्या गळ्यात दोरीला भिंग असतं आणि बोलता बोलता त्या मध्येच खाली बसून जमिनीकडे बघायला लागतात. आम्ही त्यांना किडेवाल्या बाई म्हणतो, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. नीट कापलेली हिरवळ म्हणजे किडामुंगीच्या दृष्टीने इस्पितळाची फरशी, तिथे कोणी जगूच शकत नाही, असं त्या म्हणाल्या. मी जोरजोरात मान डोलावली. मला ती स्तुती वाटली.

सभेत बाईंनी विचारलं, की या कोपऱ्याची जबाबदारी कोण घेणार. सगळे आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागले. नेमकी त्याच वेळी माझी नजर पहिल्या रांगेतल्या एका तिरक्या खुर्चीवर गेली. ती सरळ करायला मी उठलो, आणि टाळ्या पडल्या. अशा रीतीने तुझा भाऊ रानकोपरा समितीचा अध्यक्ष झाला. (समितीत दुसरं कोणी नाही. त्यामुळे ठराव एकमताने होतात.)

माझ्या निवडीने सगळ्यात जास्त आनंद दोनगाडीवाल्यांना झाला. हे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. यांच्या घरात माणसं दोन आणि गाड्या दोन, त्यातली एक गाडी रस्त्यावर ऊन खात उभी असते याचं त्यांना रात्रंदिवस दुःख. तो कोपरा वाहनतळासाठी मिळावा म्हणून ते जंग जंग पछाडत होते. शेवटी असं ठरलं, की बाई मधे एकदा तपासणीला येतील. कोपऱ्यात पुरेसा जीव नांदताना दिसला तर तो कायमचा राखायचा, नाहीतर फरसबंदी करून गाड्यांना द्यायचा. मी अध्यक्ष झालो हे कळल्यावर दोनगाडीवाल्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून अभिनंदन केलं. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

बाईंचे नियम ऐकून मला घाम फुटला. पडलेलं पान उचलायचं नाही. वाळलेले देठ कापायचे नाहीत, कारण त्यांच्या पोकळीत कुठल्याशा एकट्या राहणाऱ्या माश्या घर करतात. डबकं उपसायचं नाही. कुजकं लाकूड असेल तर ते लाख मोलाचं, आणि नसेल तर कुठून तरी आणायचं. (मला लगेच तुमच्या परसातला तो ओंडका आठवला. मागच्या खेपेला त्यावरून मी भावोजींना आरोग्यावर एक छोटंसं भाषण दिलं होतं. ते डोळे मिटून ऐकत होते. नंतर तू म्हणालीस की झोपले होते.) मी मनावर दगड ठेवून नियम पाळले. रोज सकाळी खिशात हात घालून कोपऱ्यापाशी उभा राहायचो, कारण हात बाहेर असले की ते आपोआप काहीतरी उचलायचे. गवत कमरेएवढं झालं. डबक्यावर शेवाळ आलं. बागेचा माळी तर तिकडे पाठ करूनच काम करायचा. म्हणायचा, "साहेब, मला बघवत नाही." आम्हा दोघांचं दुःख एकच होतं.

आणि अशात तुझ्या भावजयीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर डॉक्टरांनी तिला रोज थोडं हिरवं बघायला सांगितलं. ती घडीचं स्टूल घेऊन माझ्या कोपऱ्यात जाऊन बसायला लागली, आणि बसली ती बसलीच. ताई, इतकी वर्षं धूसर बघत असलेल्या माणसाला मुंगीचे पाय दिसायला लागले की काय होतं ते मी पाहिलं. ती जेवताना किड्यांबद्दल बोलायला लागली. अमक्या पानाखाली हिरवी अंडी आहेत. तमका भुंगा आज आला नाही, बरं नसेल का. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्याकडे तिने इतकं निरखून कधी पाहिलं नाही. (ऑपरेशननंतर एकदा पाहिलं होतं. "तुम्ही बरेच म्हातारे दिसता," म्हणाली आणि कोपऱ्यात निघून गेली.) पण खरं सांगतो, तिला तसं हसताना बघून मला बरं वाटायचं. तिची सगळ्यात लाडकी म्हणजे एक मूठभर पक्षीण. ती दोन पानांच्या कडा एकत्र शिवते आणि त्या झोळीत घर करते. तिला आमच्याकडे शिंपीण म्हणत. म्हणजे तुझी भावजय म्हणायची, मी ऐकायचो. ती शिंपीण नेमक्या कुठल्या झुडपात आहे हेही तिने मला सांगितलं असणार. तेव्हा मी बहुतेक गवताच्या उंचीचा विचार करत होतो.

मग तपासणीचा दिवस कळला. ताई, इथे तू मला समजून घे. तपासणी येणार म्हटल्यावर काय करायचं, हे मला विचार करून ठरवावं लागत नाही. गरम तव्यावरून हात मागे येतो तसं ते आतून होतं. तपासणी म्हणजे साफसफाई. आदल्या दिवशी तुझी भावजय डोळे दाखवायला डॉक्टरांकडे गेली होती. मी नुसतं माळ्याकडे पाहिलं आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. तो कात्री आधीच घेऊन आला होता.

तो दिवस आम्हा दोघांच्या आयुष्यात सोन्याचा होता, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. आम्ही पाचोळा झाडून काढला. वाळलेले देठ फूटपट्टी लावून एका उंचीचे केले. डबकं उपसलं, त्याचा तळ घासला आणि त्यात नळाचं स्वच्छ पाणी भरलं. (वर दोन टोपणं फिनेल. फक्त दोन.) भोवतीचे दगड चुन्याने रंगवले. मोठ्या पानांवरची धूळ मी स्वतः साबणाच्या पाण्याने पुसली. एका झुडपावर कोणीतरी दोन पानं दोऱ्याने टाचून ठेवलेली दिसली. लोकांना काही उद्योग नाही, झाडांवरसुद्धा शिवणकाम करतात, असं म्हणून मी ते झुडूप मुळापासून उपटून काढलं. रोगट दिसत होतं. संध्याकाळी माळी आणि मी लांब उभं राहून कोपऱ्याकडे पाहिलं. तो इतका चकचकीत होता, की माळ्याने चप्पल बाहेर काढली.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. दोनगाडीवाले त्यांच्या आधीच येऊन फरशीचे नमुने हातात घेऊन उभे होते. बाई कोपऱ्यात शिरल्या आणि नेहमीप्रमाणे खाली बसल्या. भिंग डोळ्याला लावलं. एक पान उलटं केलं, मग दुसरं. दगड उचलला, त्याच्या खालची बाजूसुद्धा पांढरी होती. (मी अर्धवट काम करत नाही.) डबक्यापाशी जाऊन त्यांनी वास घेतला. मी पाठीमागे हात बांधून कौतुकाची वाट बघत होतो.

"इथे कोणी आजारी होतं का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "हलू नका." माझ्या खांद्यावर एक नाकतोडा बसला होता. बिचाऱ्याला साऱ्या कोपऱ्यात टेकायला दुसरी जागाच राहिली नसणार. बाईंनी भिंगातून त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कागदावर नोंद केली: नाकतोडा एक, अध्यक्षांवर. त्या कोपऱ्यात सापडलेला एवढाच जीव. तेवढ्यावरच बाईंनी आम्हाला एक संधी आणखी दिली. नाकतोडा आहे म्हणजे आशा आहे, म्हणाल्या, हिवाळा सरला की पुन्हा येईन. दोनगाडीवाल्यांनी नाकतोड्याकडे असं पाहिलं, की मी त्याच्यावर हात धरला.

मला वाटलं, थोडक्यात निभावलं. वळून पाहतो तर तुझी भावजय, त्या झुडपाच्या जागी. तिथे आता झाडलेली माती होती. तिने कचऱ्याच्या ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"त्यात पिलं होती," ती म्हणाली.

हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. ती घरी गेली. मी तो अख्खा ढीग दोन्ही हातांनी उपसला, पान अन् पान. कंबर तिथेच गेली. पिलं सापडली नाहीत. ती शिवलेली पानं सापडली, आत कापूस होता, आणि कापसात खळगा होता. ताई, मला फार वाईट वाटलं. एवढे टाके चोचीने घालायचे म्हणजे काय काम असेल बघ. इस्पितळात शिवणारे पुष्कळ पाहिले, पण असे बारीक टाके नाहीत. ती पानं मी माझ्या कपाटात इस्त्रीच्या रुमालांखाली ठेवली आहेत. तुझ्या भावजयीला माहीत नाही. मी झुडूप उपटलं तेव्हा पिलं आतच होती का, असली तर त्यांचं काय झालं, हे मला तिला विचारायचं आहे. पण ज्या प्रश्नाचं उत्तर ऐकवणार नाही तो विचारायचा कसा?

तेव्हापासून मी कोपरा पुन्हा घाण करायला लागलो आहे. रोगापेक्षा इलाज भयंकर, असं लोक म्हणतात. पण इथे इलाज मीच केला आणि आता मलाच रोग परत आणायचा आहे. आणि घाण करणं हे येरागबाळ्याचं काम नाही. मी पाचोळा पसरतो तर त्याच्या ओळी होतात. मुद्दाम वेड्यावाकड्या करायला गेलो तर वेडेवाकडेपणातही एक शिस्त येते. शेवटी डोळे मिटून टोपली उपडी करायला शिकलो. आमचा पाचोळा पुरेना म्हणून मी दुसऱ्या बागांतून आणायला लागलो. परवा दिवसाढवळ्या पाठीवर पोतं घेऊन येत होतो, तर दोनगाडीवाल्यांनी रखवालदाराला आणून उभं केलं. स्वच्छता विभागाचा माजी प्रमुख बाहेरून कचरा आणून आत टाकतोय, हे ऐकल्यावर रखवालदाराने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. डबकं मी सात पाण्यांनी धुतलं, फिनेल जावं म्हणून. (धुतलं, हे लिहून झाल्यावर माझ्याही लक्षात आलं.) अजून तिथे कोणी राहायला आलेलं नाही. मी तिचं स्टूल घेऊन बसतो. नाकतोडा येतो कधीमधी.

असो. तुझ्या गुडघ्यांना शेक देत जा. भावोजींना म्हणावं, धूळ झाडायला उठू नका, खोकला वाढेल, आणि धुळीलाही जगू द्या. मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना शाबासकी, मांजराला काय ते तूच दे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. तुमच्या परसातला तो कुजका ओंडका मला हवा आहे. भाषणात मी त्याच्याबद्दल जे काही बोललो ते परत घेतो. भावोजींच्या गाडीतून पाठव, ओल्या गोणपाटात गुंडाळून, आतल्या भाडेकरूंसकट. कृपा करून त्याला झाडू नकोस. बुरशी हात लावून मोडू नकोस. हौदातला थोडा गाळही बरणीत घालून दे, आणि बरणी घासलेली नसली तर बरं.

ता. क. दुसरा. ओंडक्याबरोबर तूही ये. ओंडका निमित्त आहे. तुझ्या भावजयीशेजारी बस आणि सहज बोलता बोलता विचार, की त्या पिलांचं काय झालं. मी विचारायला सांगितलं असं म्हणू नकोस. जे असेल ते मला फोनवर नको, गॅलरीत नेऊन हळू सांग.

ता. क. तिसरा. आज रविवार, गॅलरीतली पानं पुसायची आहेत, म्हणून थांबतो. पत्र टेबलावर ठेवलं आहे. बाजारात जाताना ती टपालात टाकील. दुसऱ्याचं पत्र वाचायची तिला सवय नाही.

ताई, नमस्कार. मी, तुमची भावजय, लिहिते आहे. पाकीट यांनी इतकं स्वच्छ पुसलं की डिंकही पुसला गेला. मग मी वाचलं.

पिलं साफसफाईच्या दिवशीच सकाळी उडाली होती, मी डॉक्टरांकडे निघायच्या आधी. मी स्वतः पाहिली, नव्या डोळ्यांनी. तिन्ही. रागाच्या भरात मी अर्धंच बोलले आणि बाकीचं अर्धं मुद्दाम पोटात ठेवलं. संध्याकाळी सांगणारच होते. पण खिडकीतून पाहिलं तर हे ढिगात कोपरापर्यंत हात घालून बसलेले, शर्टाला माती लागलेली, आणि यांना त्याचं भानही नाही. लग्नानंतर असं पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाचोळ्याची टोपली घेऊन निघाले. म्हटलं, आपण बोललो की हे थांबतील. म्हणून गप्प राहिले. मलाही ते सोपं गेलं असं समजू नका. डब्यांशी किती बोलणार?

रुमालांखालची पानं मला माहीत आहेत. इस्त्री मीच करते.

ओंडका पाठवा. तुम्हीही या.

आता एक घाईची गोष्ट. मॉपचे धागे कुत्रा नेत नाही. शिंपीण नेते. गॅलरीतल्या रुंद पानांच्या कुंडीत तिने नवं घर शिवायला घेतलंय, यांच्याच मॉपच्या धाग्याने. आतमध्ये बादली भरल्याचा आवाज आला. फडकं पिळतायत. तेव्हा हे पत्र इथेच सोडते. मला आता यांच्याशी बोलावं लागणार.